हुकूमशहाची खोटी मिशी

मी एक खोटी मिशी. दोन बोटं रुंद, नाकाखाली मावेल एवढीच. मला पाहिलं की शाळकरी पोरंसुद्धा "हिटलर! हिटलर!" करतात. त्या नावाचं ओझं वाहून मी थकलेय, म्हणून एकदाचं बोलून घेते.

जन्म नगरचा. फैयाजभाई सिनेमा-मालिकांसाठी दाढ्या, मिश्या, केसांचे टोप बनवतात. बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ साठवतात आणि दारावर येणाऱ्या भांडीवाल्याला देतात, ते तुम्ही पाहिलं असेलच. तसलंच गुंतवळ निवडून, धुऊन, बारीक जाळीवर एकेक केस गाठवून त्यांनी मला घडवलं. म्हणजे हुकूमशहाची मिशी बायकांच्या फणीतून निघालेली! हसायचं तर हसा. पूर्वी मलाही हसू यायचं.

मला पहिल्यांदा लावलं मुंबईच्या एका नटानं. त्याच्या मते हुकूमशहा म्हणजे आरडाओरडा. टेबलावर मुठी आपटायचा, डोळे वटारायचा आणि थुंकी सगळी माझ्या अंगावर. दुसरा अभ्यासू निघाला. मोबाईलवर जुन्या चित्रफिती बघून हात किती उंच, मान किती ताठ, सगळं हुबेहूब करायचा. पण त्याचं भाषण चालू असताना गर्दीतली माणसं खुशाल शेंगदाणे खात उभी. भीती कुणालाच वाटली नाही. उसनं अवसान ते, किती पुरणार? दोघांचीही कामं संपली की मला स्पिरिटनं सोलून काढायचे आणि डबीत टाकायचे.

तिसरा गहिनीनाथ. काष्टी गावच्या आप्पासाहेबांचा थोरला मुलगा. वीस वर्षं याच धंद्यात, पण वाट्याला काय आलं? हवालदार, शिपाई, आणि दोनदा तर नुसतं प्रेत. अशा माणसाला एका मालिकेत हुकूमशहाची मोठी भूमिका मिळाली. जीव ओतायला निघाला बिचारा आणि पहिल्याच दिवशी तोही ओरडायला लागला. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा थुंकी.

दिग्दर्शिका मोनिकाताई वैतागल्या. "गहिनीनाथ, तुम्ही ओरडलात की मला जत्रेतला राक्षस दिसतो. भीती कुठंय? दोन दिवस घरी जा, शांत व्हा. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

तो मला डबीत घालून काष्टीला आला. आरशासमोर मला लावून बघायचा आणि हताश होऊन काढायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी डबी भिंतीतल्या फळीवर उघडीच राहिली, म्हणून पुढचं मला दिसलं.

आप्पासाहेब बाजारातून आले, हातपाय धुतले, जेवायला बसले. सोबत गहिनीनाथ आणि धाकटा आदिनाथ. आप्पांनी पहिला घास घेतला. कालवणात मीठ कमी होतं. म्हातारा चकार शब्द बोलला नाही. एका बोटानं ताट पुढं सारलं, बस्स. आदिनाथचा घास हातातच राहिला. त्याच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, तव्यावरची भाकरी काढली आणि चूल विझवली. कर्त्यानं ताट सारलं की घर उपाशी उठायचं, ही त्या घरातली रीत. सुना मुकाट्यानं भांडी उचलायला लागल्या. गहिनीनाथ जन्मभर हे बघत आला होता, पण त्या दुपारी तो आप्पांच्या बोटाकडे एकटक बघत राहिला.

नंतर शूटिंगला जेवणाचाच प्रसंग होता. लांब टेबल, दोन्ही बाजूंना सेनाधिकारी. एक जण भीतभीत सांगतो, सैन्य मागं हटतंय. गहिनीनाथ ओरडला नाही. त्यानं एका बोटानं बशी पुढं सारली. मी त्याच्या ओठावर होते, त्याचा श्वाससुद्धा मला जोरात लागला नाही. सगळे अधिकारी घास टाकून उठले. शॉट संपला तरी समोरचे नट खाईनात. मोनिकाताई म्हणाल्या, "हेच हवं होतं."

नंतर फैयाजभाई मला ओठावरून सोडवत होते. त्यांनी विचारलं, "गहिनीभाऊ, आज काय केलं तुमी? मीबी हातातला चहा खाली ठेवला."

"आप्पांचं हाय ते, फैयाजभाई. जसंच्या तसं उचललं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांनी वळखलं तर घरात पाय ठेवू देनार न्हाईत. अन् न्हाई वळखलं, तर आईचं आयुष्य तसंच जायचं."

त्या दिवसापासून त्याला एकच घोर लागला. लोक वाहवा करायचे, हा कसनुसा हसायचा.

आज मालिकेचा तोच भाग काष्टीच्या घरात लागलाय. भावकी जमलीय. सगळ्यांना बघायची म्हणून मला टीव्हीशेजारी ठेवलंय आणि जो येतो तो बोट लावून बघतो. आप्पासाहेब खुर्चीत, गहिनीनाथ भिंतीला टेकून उभा. मनकर्णाबाई नेहमीसारख्या स्वयंपाकघराच्या दारात.

जेवणाचा प्रसंग आला. बोटानं बशी सरकली. सुनांनी एकमेकींकडे पाहिलं, आदिनाथनं मान खाली घातली. गहिनीनाथच्या कपाळावर घाम आला.

आप्पासाहेब मात्र खुर्चीत पुढं सरकले. त्यांना खरंच राग आला होता. "आरं, ह्यो कसला मानूस म्हनायचा! नुसती बशी सारली, अन् एवढे बंदूकवाले उपाशी उठले? एकानं बी तोंड उघडू नये?"

गहिनीनाथनं डोळे मिटून घेतले. आप्पांनी स्वतःला ओळखलंच नाही, वीस वर्षांत मिळालेली एकुलती एक मोठी भूमिका वाया गेली, असंच त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. मनकर्णाबाईंचा. "कोन उघडनार? आमी तरी कुठं उघडलं?"

आप्पासाहेबांनी वळून पाहिलं. त्या आत गेल्या नाहीत. पदर नीट केला आणि तिथंच उभ्या राहिल्या. टीव्हीवर पुढचा प्रसंग चालू झाला होता, तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आप्पा खुर्चीत मागं सरकले.

गहिनीनाथ, बाबा, माझ्या डबीचं झाकण लाव आता. मला पुन्हा कुणाच्या ओठावर चढवू नको, माझ्यात दम उरला नाही. आणि तो टीव्हीही बंद कर. तुझी आई बोलतेय.