ऐकू येत नव्हतं तेव्हाचं गाणं

कानात मशीन बसवून चौथा दिवस होता आणि भागवतराव घरात एका जागी टिकत नव्हते. ओट्यावर बसायचे, उठायचे, आत जाऊन मोबाईलवर एकच गाणं लावायचे आणि अर्ध्यात बंद करायचे. मशीन काढून खिशात टाकायचे, परत घालायचे.

राहुरीजवळच्या साखर कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं टर्बाइनवर काढली होती. त्या घरघरीनं कान हळूहळू खाल्ले. निवृत्त होईतो समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखायची पाळी आली. शेवटी त्यांची पुण्यात नोकरी करणारी मुलगी ज्ञानेश्वरी आली, त्यांना नगरला घेऊन गेली आणि दोन्ही कानांना मशीन बसवून दिलं. "आता तुमचं गाणं नीट ऐका, बापू," म्हणाली आणि परत गेली.

'तुमचं गाणं' घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला भागवतरावांनी श्रीरामपुरातून टेप आणला होता आणि सोबत एक कॅसेट. त्यातलं पहिलंच गाणं सनईनं सुरू व्हायचं. दर रविवारी सकाळी ते लागायचं. बायको केशरबाई चुलीपुढं असायच्या, भागवतराव दाढी करत असायचे, आणि त्यांना वाटायचं, हे आपल्या दोघांचं गाणं. कान जात गेले तसा टेपचा आवाज चढत गेला. पुढं टेप गेला, मोबाईल आला, गाणं तेच राहिलं.

आणि आता ती सनई पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी थरथरत होती. गाणारी बाई तर नाकात पत्र्याचा तुकडा अडकल्यासारखी गात होती. आधी त्यांना मोबाईल बिघडल्यासारखा वाटला. मग त्यांनी टीव्हीवर लावून पाहिलं. शेजारच्या अजिनाथच्या टेम्पोत बसून पाहिलं. सगळीकडं तेच.

"अहो, जरा बसा की एका जागी," केशरबाई म्हणाल्या. "भाकरी निवली."

"गानं बिघडलंय," भागवतराव म्हणाले.

"गानं कसं बिघडंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते एकटेच नगरला गेले.

दवाखान्यातल्या मुलीनं मशीन कॉम्प्युटरला जोडलं, काहीबाही बदललं आणि म्हणाली, "काका, हे मुख्यतः माणसांच्या बोलण्यासाठी असतं. मशीन कधीकधी स्वतःच शिट्टी मारतं, म्हणून सनईचा लांब सूर आला की त्याला वाटतं, ही आपलीच शिट्टी आहे. मग ते तो सूर दाबायला बघतं. मी गाण्यासाठी वेगळं सेटिंग टाकून देते. थोडा फरक पडेल."

फरक पडला, पण थोडाच.

"पहिल्यासारखं कधी व्हईल?"

मुलीनं खुर्ची जवळ ओढली. "काका, वरचे सूर तुम्हाला दहा-बारा वर्षांपासून येत नसणार. तुम्ही गाणं लावत होता, पण ऐकू कमी येत होतं आणि आठवत जास्त होतं."

हे वाक्य भागवतरावांच्या डोक्यातून जाईना. परतीच्या एसटीत खिडक्यांचा खडखडाट, कंडक्टरची शिट्टी, मागच्या बाकावरच्या लेकराचं रडणं, सगळं एकदम कानात घुसत होतं. त्यांनी दोनदा जागा बदलली. राहुरी यायच्या आधीच उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. फाटक ढकलणार, तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला. कुणीतरी गात होतं. आवाज थोडा घोगरा, पण मोकळा होता.

"पाटाच्या पान्यात माझं चांदनं सांडलं,
येचाया गेले तर हात भिजून आलं..."

मागं जाऊन पाहतात तर केशरबाई. पाय पसरून तूर पाखडत होत्या आणि सुपाच्या ठेक्यावर गात होत्या. पस्तीस वर्षांच्या संसारात भागवतरावांनी त्यांना गाताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांची सावली अंगणात पडली, तशा केशरबाई थांबल्या.

"कोनतं गानं हाय हे?"

"कुठं काय. असंच."

"कवापासून म्हनतीस?"

सुपातला एक खडा त्यांनी उचलून लांब फेकला. "लई वर्सं झाली. तुमाला ऐकू येत न्हवतं."

"मग आधी का न्हाई म्हनलं? मला ऐकू येत हुतं तवा?"

"तवा तुमचं गानं चालू असायचं." केशरबाई अजून सुपाकडंच बघत होत्या. "आन खरं सांगू का? त्या सनईनं माझं डोकं उठायचं. रईवार येऊच नये वाटायचं. तुमचे कान गेले आन माझा गळा मोकळा झाला. वाईट वाटून घेऊ नका, पन झालं ते असं झालं."

घरातून ओट्यावर, ओट्यावरून फाटकाशी, फाटकावरून परत घरात, अशा भागवतरावांच्या संध्याकाळपर्यंत खेपा चालल्या.

पुढचे सहा-सात दिवस घर मुकं झालं. केशरबाई स्वयंपाक करायच्या, धुणं धुवायच्या, पण तोंडातून सूर निघत नव्हता. मग भागवतराव मशीन मुद्दाम काढून, त्याच्या डबीत घालून टीव्हीपुढं दिसेल असं ठेवू लागले. तेव्हा मागच्या अंगणात केशरबाईंचे ओठ हलताना त्यांना खिडकीतून दिसायचे. ती गायची तेव्हा यांना ऐकू यायचं नाही, आणि यांना ऐकू यायचं तेव्हा ती गायची नाही. ह्या कोड्यानं त्यांचं जेवण तुटलं.

एका सकाळी थंडी चांगलीच पडली होती. भागवतरावांनी मशीनची रिकामी डबी टीव्हीपुढं ठेवली, मशीन कानात घातलं आणि वरून मफलर गुंडाळला. मग मागच्या पायरीवर बसून अंगणाकडं पाठ करून पेपर उघडला. केशरबाईंनी डबी पाहिली, कपडे भिजवले आणि थोड्या वेळानं गायला लागल्या.

गाणं तसं भागवतरावांच्या पसंतीचं नव्हतं. चाल सपाट होती, तीच तीच ओळ फिरून यायची. पण ते ऐकत राहिले, आणि कधी बोटांनी मांडीवर ठेका धरला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

हलती बोटं दिसली आणि गाणं तुटलं. केशरबाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मफलर ओढला.

"चोरून ऐकता व्हय?"

"मागितलं असतं तर म्हनली असतीस का?"

"मागून तर बघायचं!" त्यांनी मफलर पायरीवर टाकला. "पस्तीस वर्सांत येकदा तरी इचारलं का, तुला काय आवडतं म्हनून?"

भागवतरावांनी पेपरची घडी केली, मोडली, परत केली. "न्हाई इचारलं," ते म्हणाले. "आता इचारतो. म्हन की."

केशरबाईंनी ओले हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "तोंड तिकडं करा. माझ्याकडं बघू नका."

त्यांनी तोंड फिरवलं. केशरबाईंनी सुरुवातीपासून गाणं म्हटलं, आणि तिसऱ्या कडव्यापाशी अडकल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथंच अडकल्या.

"इथनं पुढचं कायम जातं," त्या चिडून म्हणाल्या. "रंगूलाच येतं ते."

"कोन रंगू?"

मग सगळं निघालं. रंगूबाई पाथर्डीकडची ऊसतोडणीवाली. दरवर्षी कारखान्याशेजारी तिची कोपी, पाचटाची झोपडी, पडायची. केशरबाई ताक घेऊन जायच्या आणि तिथं चुलीपाशी दोघी गात बसायच्या. भागवतराव तेव्हा पलीकडं दोनशे पावलांवर टर्बाइनपाशी असायचे. चार सीझन झाले, रंगूबाई आलेली नव्हती.

"चल," भागवतराव उठले.

"कुठं? धुनं पडलंय."

"पडू दे."

मोटारसायकलवरून दोघं कारखान्यावर गेले. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. कोप्यांमधून विचारत विचारत शेवटी रंगूबाईच्याच गावची भागूबाई भेटली. ती म्हणाली, "जित्ती हाय की. गुडघे गेले, म्हनून येत न्हाई." तिनं रंगूबाईच्या सुनेचा नंबर दिला.

केशरबाईंनी फोन लावला. "रंगे? मी केशर... अगं केशर, ताकवाली!" आणि त्या एकदम हसल्या, मग रडल्या, आणि फोन कानाशी धरून उसाच्या ढिगाऱ्यामागं चालत गेल्या.

भागवतराव मोटारसायकलपाशी उभे होते. मशीनमधून वारा, इंजिनं, बैलांच्या घागऱ्या, कारखान्याची घरघर, सगळं ऐकू येत होतं. ढिगाऱ्यामागं केशरबाई मधूनच गात होत्या, थांबत होत्या, पुन्हा गात होत्या. तो आवाज काही केल्या नीट लागत नव्हता. चार पावलं पुढं गेलं की लागला असता. ते दोन पावलं गेले, केशरबाईंचं 'चोरून ऐकता व्हय?' आठवलं, थांबले, मागं आले. गाडीच्या सीटवरची धूळ हातानं पुसली. ती पुसून झाल्यावर आरसा पुसायला घेतला.