मंगळावरचा जावई

जावयानं साळ्याला ‘सरदार’ म्हणायचं, हा अन्याय कोणत्या ग्रहावर चालतो ते सांगा. मंगळावर चालतो. आणि मंगळ जाम गावच्या चौकाच्या पलीकडे, एका बंद पडलेल्या खडीच्या खदानीत आहे.

नागपूरच्या जागृती मॅडम तिथं अंतराळातल्या दरोडेखोरांची मालिका काढत होत्या. टोळी घोड्यावरून येते आणि यान लुटते. यान म्हणजे चंदेरी पत्रा ठोकलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. घोडा वरातीतला, बँड वाजल्याशिवाय पाऊल उचलत नसे, म्हणून प्रत्येक दरोड्याला कोणीतरी मोबाइलवर बँड लावून मागे पळायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. आणि घोड्यावर टोळीचा सरदार ओमप्रकाश, माझ्या बायकोचा सख्खा भाऊ. त्याला मिशा आहेत, दुसरी काही लायकी नाही.

केळझरला सासुरवाडीला गेलो की हाच ओमप्रकाश माझ्या हातावर पाणी घालतो, पहिलं ताट मला वाढतात. आणि सेलूत माझ्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानापुढून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, “काय जवाईबुवा, साळ्याच्या हाताखाली कसं वाटून राह्यलं?” मला सरदाराचं ते लाल हेल्मेट हवं होतं. खोटं कशाला बोलू, दुसरं काही सुचतच नव्हतं.

मॅडमना आपल्या दरोडेखोरांच्या इमानाचा भारी अभिमान. टोळीचे तीन नियम त्यांनी यानावर रंगवून घेतले होते. आपल्या माणसाला लुटायचं नाही. दिलेलं घ्यायचं नाही, हिसकावलेलंच घ्यायचं. आणि सरदाराचा शब्द मोडायचा नाही.

त्या दिवशी शुक्रावरची श्रीमंत विधवा लुटायची होती. त्या कामासाठी जामच्या चौकात भज्यांचं दुकान चालवणाऱ्या विमलाबाईंना आणलं होतं. हिऱ्यांचा डबा मांडीवर. डबा त्यांच्या घरचाच, स्टीलचा.

मी बँड लावला, घोडा आला, ओमप्रकाश गरजला, “बाई, हिरे टाक!”

विमलाबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. “काऊन ओरडून राह्यला बाप्पा? तू केळझरच्या तानबाचा पोरगा न?”

ओमप्रकाशची बंदूक खाली आली. “हो. तुमी कोन?”

“मी केळझरचीच लेक. तुह्या बापाले राखी बांधली मी.”

सरदार घोड्यावरून उतरला आणि विधवेच्या पाया पडला.

“कट!” मॅडम ओरडल्या. “अहो, लुटा ना तिला!”

“आत्याले कसं लुटू मॅडम? तुमचाच पयला नियम हाये. आपल्या मान्साले लुटायचं नाई.”

“आपला म्हणजे टोळीतला!”

“मंग गावचा काय परका हाये?”

मॅडमनी पाण्याची बाटली स्वतःच्या डोक्यावर ओतली. घोड्याला संध्याकाळी हिंगणघाटची वरात होती, वेळ नव्हता. त्या माझ्याकडे वळल्या. “कैलास, हेल्मेट घाला, बंदूक घ्या. आजपासून तुम्ही सरदार.”

हेल्मेट तापलं होतं आणि त्याला साळ्याच्या तेलाचा वास होता. तरी मी सुखावलो. लग्नातही इतका सुखावलो नव्हतो. मी केळझरचा नव्हतोच, मला कसली अडचण? छाती काढून पुढं झालो. “हिरे टाक!”

“हा कोन व्हय?” विमलाबाईंनी विचारलं.

“आपला जवाई, आत्या,” ओमप्रकाश मागून म्हणाला. बदमाश. “नंदिनीचा नवरा.”

“अव माय! जवाई!” त्यांनी डोक्यावर पदर घेतला. “पयल्यांदा आले अन् उभेच? घ्या, डबा घ्या. जवाई रिकाम्या हातानं जाते का कधी?”

डबा माझ्या हातात आलासुद्धा. आणि समोर यानावर दुसरा नियम. दिलेलं घ्यायचं नाही! सरदार होऊन मिनिटभर झालं नाही तोच नियम मोडला तर हेल्मेट गेलं. मी डबा परत ढकलला. त्यांनी पुन्हा माझ्याकडे सारला.

“आत्या, मले हिसकावू द्या न!”

“जवायानं हिसकावा काऊन? मी देऊन राह्यली न!”

यानातले बाकीचे प्रवासीही सुरू झाले, “घ्या हो जवाईबुवा, एवढं म्हणून राह्यल्या त्या.” ओमप्रकाश मला समजावायला आला आणि समजावता समजावता हेल्मेट ओढायला लागला. मीही सोडलं नाही. हेल्मेटबरोबर माझे दोन्ही कान वर निघाले.

“चूप! दोघंबी चूप!”

विमलाबाईंनी माझ्या कमरेची बंदूक कधी काढली ते कळलंच नाही. ती लाकडाची आहे हे माहीत असूनही आम्ही दोघांनी हात वर केले.

“तो टोप आना इकडं.” हेल्मेट त्यांनी पदरावरूनच घातलं. “ओम्या, घोडा धर. जवाईबुवा, तुमी डबा घ्या. भजे हायेत त्यात. खाऊन डबा धुवून आनजा. अन् आता कोनी भांडलं त पाहा!”

मी डबा घेतला. घोडा बँडशिवाय चालू लागला.

मॅडमनी कॅमेरा बंद केलाच नव्हता. त्या हळूच म्हणाल्या, “हीच सरदार.”

सरदारीणबाईंनी, म्हणजे नात्यानं माझ्या आतेसासूंनी, पहिला हुकूम दिला तो रंग आणायचा. पहिला नियम पुसून त्यांनी नवा लिहून घेतला: लुटायच्या आधी कोणाला गाव विचारायचं नाही. त्यानंतर दरोडे बिनबोभाट पडू लागले. हेल्मेट माझ्या हातून कायमचं गेलं, आणि वाईट वाटलं, फार वाटलं. घोड्याला आता बँड लागत नाही, पण सरदारीणबाईंना लागतो, म्हणून मी पुन्हा बँडच्या मोबाइलवर आलो. फरक इतकाच की आता ओमप्रकाशही माझ्याबरोबर पळतो.

परवा सेलूत कटिंगच्या दुकानात गेलो. खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकानं आरशातून डोळा मारला. “काय जवाईबुवा, सध्या कोनाच्या हाताखाली?”

“सासूच्या,” मी म्हणालो.

तो हसला नाही. अर्धवट दाढीनिशी उठला आणि त्यानं मला खुर्ची दिली.