‘समस्या’ या स्लाइडवरचे बाबा

मित्रांनो, मी एक जुनं प्रेझेंटेशन आहे. जुनं म्हणजे गेल्या वर्षीचं, पण आमच्यात तेवढ्यातच म्हातारपण येतं.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. त्या घरातल्या बाबांचे पाय आजारपणात गेले होते. घर वरच्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या नावाने बोंब. म्हणून त्यांच्या इंजिनिअर मुलीने, ताईने, जिना उतरणारी खुर्ची बनवली. तशा पुष्कळ खुर्च्या बनवायच्या तर भांडवल हवं, आणि ते देणाऱ्यांना थोडक्यात सगळं पटवायचं हे माझं काम. गुंतवणूकदार घरीच येणार होते, खुर्ची जिन्यावर चालताना बघायला. तीत बसणार अर्थातच बाबा.

मला नटवायचं काम धाकट्या भावाकडे होतं. त्याने माझे रंग इतक्यांदा बदलले, की शेवटी मलाच माझी ओळख पटेना. दुसऱ्या स्लाइडवर समस्या दाखवायचीच आणि समस्येला माणसाचा चेहरा हवा, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने बाबांचाच फोटो लावला. खिडकीशी बसलेले, दाढीचे खुंट वाढलेले. वर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘समस्या’. ताईलाही ते फार आवडलं. खरं सांगायचं तर मलाही आवडलं.

रंगीत तालीम बाबांसमोर झाली. ती स्लाइड आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

“म्हणजे समस्या मी होय?”

बाबा, असं लिहायची पद्धतच असते, असं भाऊ घाईघाईने म्हणाला. पण त्यानंतर बाबा खुर्चीत बसेनात. ताईने विनवण्या केल्या, भावाने कान पकडले, बाबा आपले ढिम्म. पाहुणे उद्यावर आले आणि खुर्ची जिन्याच्या तोंडाशी रिकामीच उभी. रिकामी खुर्ची बघून कोण पैसे घालणार?

शेवटी ताई माझ्यापाशी येऊन बसली. तिने ‘समस्या’ शब्द तसाच ठेवला, बाबांना तिथून काढलं आणि खाली जिन्याचा फोटो लावला. नुसत्या उंच, अरुंद पायऱ्या. मग खुर्ची बनवणाऱ्यांचे फोटो होते त्या स्लाइडवर तिने स्वतःच्याही आधी बाबांना बसवलं. खाली लिहिलं, ‘चाचणी प्रमुख. दोनदा पडले, तरी पुन्हा बसले.’

लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवून ती म्हणाली, “चुकलं आमचं, बाबा. आता वाचा.”

बाबांनी सावकाश वाचलं.

“तीनदा पडलो,” ते म्हणाले. “आणि हा फोटो काढून टाक. आधी माझं दाढीचं सामान आण.”

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर बाबा जिना उतरून थेट रस्त्यावर गेले. भांडवल मिळालं. आता कंपनीचं नवं, चकचकीत प्रेझेंटेशन आहे. मला कुणी उघडत नाही. थोडं वाईट वाटतं, पण तक्रार नाही.

एकच मागणं आहे, मित्रांनो. माझ्यासारखं काही बनवताना कुणा माणसाचा फोटो लावलात, तर वर काय लिहिलंय ते आधी त्यालाच वाचायला द्या.