एसटीचा हात

"मामा, आता फिरवा. डावीकडं."

लखनने हातभर लांब स्क्रूड्रायव्हर स्टिअरिंगच्या पंपाच्या अंगावर टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. सावळीरामने स्टिअरिंग डावीकडे नेलं. बॉनेटच्या आतून आवाज उठला. आधी बारीक, मग चढत चढत अडलेल्या म्हशीसारखा. पेठ फाट्यावरच्या त्या गॅरेजात चहा पीत बसलेल्या दोघांनी माना वळवून बघितलं.

सावळीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकोणतीस वर्षं नाशिक-पेठ एसटी चालवली, एक अपघात नाही, आणि रिटायर झाल्यावर घेतलेली ही पहिली गाडी चारचौघांत अशी बोंबलत होती. देवळाली कॅम्पातल्या एका सुभेदाराची बदली झाली, त्याच्याकडून त्याने ती घेतली. पॉवर स्टिअरिंग आहे म्हणून हीच घेतली, कारण उजवा खांदा आता धड वर होत नव्हता. सुभेदाराकडे होती तोवर तिने ब्र काढला नव्हता. सावळीरामकडे आली आणि महिन्याभरात तिला कंठ फुटला.

लोक हसले असते तरी त्याने मनावर घेतलं नसतं. प्रश्न चिमणाबाईचा होता. पंधरा दिवसांपूर्वी तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी, पेठला निघाला. सावळघाटाच्या पहिल्या वळणावर गाडी ओरडली, दुसऱ्यावर जास्त ओरडली. तिसरं वळण यायच्या आत चिमणाबाईने गाडी थांबवायला लावली, खाली उतरली, मागून येणाऱ्या एसटीला हात केला आणि निघून गेली. त्या एसटीवर नेमका सावळीरामचाच जुना कंडक्टर होता. त्याच संध्याकाळी डेपोत कुणी कुणी टाळ्या देऊन हसलं, ते सगळं सावळीरामच्या कानावर आलं.

उद्या तिच्या भाचीची, आशाची हळद होती. चिमणाबाईने स्वच्छ सांगून टाकलं होतं, आवाज गेला तर गाडीत बसेन, नाहीतर साडेआठची एसटी. उद्याही ती एसटीने गेली तर पुन्हा कधी आपल्या शेजारी बसायची नाही, हे सावळीराम ओळखून होता. आणि गाडी घेतली होती ती तिच्यासाठीच. नोकरीत असताना त्याने तिला एकदाही स्वतःच्या बसमध्ये बसू दिलं नव्हतं. घरचं माणूस पाठीमागे बसलं की हात चुकतो, असं त्याच्या उस्तादाने सांगितलेलं, आणि ते त्याने सोवळ्यासारखं पाळलं. बिचारी माहेरी जायची तीसुद्धा दुसऱ्या ड्रायव्हरच्या बसने.

लखनने आधी पट्टा बघितला. सैल होता, तो ताणला. मग पॉवर स्टिअरिंगच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं. तेल काळं पडलं होतं, वर फेस, आणि वास करपलेल्या फोडणीचा. त्याने ते सगळं काढून नवं भरलं. जॅक लावून पुढची चाकं उचलली आणि आत अडकलेली हवा निघावी म्हणून स्वतः बसून स्टिअरिंग हळूहळू दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग चाकं जमिनीला टेकवून पुन्हा फिरवलं. गाडी मुकी. सावळीरामचा चेहरा उजळला.

मग तो स्वतः बसला, स्टिअरिंग टोकाला नेलं, आणि म्हैस पुन्हा ओरडली.

लखन बसला की गप्प, सावळीराम बसला की आवाज. तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. गाडीही माणूस बघून बोलते की काय, असं सावळीरामला वाटायला लागलं.

लखनच्या ते पहिल्या खेपेलाच ध्यानात आलं होतं, पण त्याची जीभ रेटेना. तो पेठच्या रस्त्यावरल्या करंजाळीचा. शाळेला जायचा तो याच मामांच्या एसटीने. उशीर झाला आणि पोरं धावत येताना आरशात दिसली की बस थांबवणारा हा ड्रायव्हर. त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? लखनने साबण लावून हात धुतले, पुसले, आणि कारण नसताना पुन्हा धुतले.

"मामा, रागावू नका," शेवटी तो म्हणाला. "गाडीत आता काय बी नाय. तुमचा हात जड पडतोय."

"माझा हात?"

"टोकाला गेलं तरी तुम्ही दाबून धरताय. तिथून पुढं जायला जागा नाय, अन् पंप आपला जोर लावतोच हाय. त्यानंच तेल जळलं. टोकाला टेकलं की थोडं सोडायचं."

सोडायचं. सावळीरामच्या कपाळाची शीर तटतटली. जुन्या बसचं स्टिअरिंग सोडलं तर काय होतं हे या लखनला काय माहीत? चाकाखाली एक धोंडा आला की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि माणसाचा अंगठा मोडून टाकतं. धोंडीराम ड्रायव्हरचा त्याने स्वतः मोडताना पाहिला होता. म्हणून अंगठे बाहेर, खांदा स्टिअरिंगवर, आणि वळण संपेपर्यंत सोडायचं नाही. या एका गोष्टीवर त्याने एकोणतीस वर्षांत लाखो माणसं घाटातून सुखरूप नेली असतील. तो बोलणार होता. पण लखन खाली मान घालून उभा होता, शाळेत मार खायला उभा राहावं तसा, आणि सावळीरामने हात लांबवून शेजारचं दार त्याच्यासाठी उघडलं.

गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत लखन त्याच्या शेजारी बसला. दोन बोटांनी, मामा, एवढंच म्हणत राहिला. सावळीराम दोन बोटं लावायचा, पण वळताना बाकीची आठ न बोलावता हजर व्हायची आणि पाठोपाठ खांदा. जित्याची खोड ती. दुपार कलली तेव्हा कुठे गाडी सलग पाच वेळा गप्प वळली. लखन खूश झाला. सावळीरामला मात्र मनातून फार वाईट वाटलं. ज्या कामापायी खांदा गेला, ते काम आता दोन बोटांत होत होतं.

दुसऱ्या दिवशी चिमणाबाई गाडीत बसली ती दाराची कडी मुठीत धरूनच. साडेआठची एसटी मागून येईल, असं तिने दोनदा बोलून दाखवलं. घाट लागला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं. चौथ्या वळणापाशी ती कडी सोडून, हळदीला कोण येणार आणि कोण रुसून बसणार, हे सांगायला लागली होती.

तेवढ्यात खालून एसटी चढत आली. चढणाऱ्याला वाट द्यायची हा घाटाचा नियम. सावळीरामने गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

जुन्या धाटणीची, पॉवर स्टिअरिंग नसलेली ती बस वळणात शिरली. ड्रायव्हर तिशीतला, अनोळखी. सीटवरून तो अर्धा उठला होता, उजवा खांदा स्टिअरिंगवर टाकलेला, दात आवळलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या. बस इंचाइंचाने वळली आणि शेजारून गेली. जाताना ड्रायव्हरने न बघताच हात वर केला, कुठल्याही खाजगी गाडीवाल्याला करतात तसा. सावळीरामने मात्र त्याला नीट हात केला. आपण काम करताना कसे दिसत होतो, हे तो आयुष्यात पहिल्यांदाच बघत होता.

"तुम्ही बी असंच चालवायचे?" चिमणाबाईने विचारलं.

"वळण आलं की."

"रोज?"

"रोज चार फेऱ्या."

बस वर जाऊन दिसेनाशी झाली तरी ती मागे वळून बघत होती.

"अन् घरी आलं की मी तुम्हाला नळावरचे हंडे आणायला धाडायची," ती म्हणाली.

"हंड्यांचं काय," सावळीराम म्हणाला, "ते हलके असायचे."

त्याने गिअर टाकला आणि दोन बोटांनी गाडी रस्त्यावर घेतली. घाट संपेपर्यंत चिमणाबाईने रस्त्याकडे पाहिलं नाही. ती त्याच्या हातांकडे बघत होती.