नकाशांच्या मागचा पाणबुड्या

जुलैमधल्या एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता मॉलमधल्या खेळण्यांच्या दुकानाचं शटर वर गेलं. पहिलं गिऱ्हाईक होतं गौतम रामटेके. ते सरळ शेवटच्या रांगेत गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि सर्वांत खालच्या फळीवरचे भारताच्या नकाशाच्या पझलचे डबे पुढे ओढले. मागे काही नव्हतं.

त्यांनी शेजारचेही डबे काढून पाहिले. मग सगळे होते तसे लावून ठेवले.

"अंकल जी, कुछ चाहिए?" दुकानातल्या पायलने विचारलं.

"नहीं. बस देख रहा हूँ."

"देखिए, देखिए. आप तो देखते ही हैं."

रामटेके रायपूरच्या वॅगन दुरुस्ती कारखान्यातून मागच्या वर्षी निवृत्त झाले. कारखान्याच्या कॉलनीमागे त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. त्यांचा एकुलता मुलगा यशदीप फेब्रुवारीत घरातून गेला. भांडण झालं नव्हतं. रेल्वेच्या परीक्षेचा निकाल लागला होता, त्यात त्याचं नाव नव्हतं. वडील त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅग घेऊन बाहेर पडला आणि दुपारी आईच्या फोनवर मेसेज आला: मी ठीक आहे, शोधू नका. तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे. पोलिस ठाण्यात नोंद केली. हवालदाराने मेसेज वाचला, फोन परत दिला आणि म्हणाला, पोरगा सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने गेला आहे, त्याने स्वतःच शोधू नका म्हटलं आहे.

म्हणून रामटेके मुलाला शोधत नव्हते. मुलगा जे शोधायचा, ते शोधत होते.

यशदीप अ‍ॅक्शन फिगर जमवायचा. वीतभर उंचीचे, हातापायांचे सांधे वळणारे पुतळे, पुढून प्लास्टिकची खिडकी असलेल्या डब्यात. 'ऑर्बिट गार्ड' नावाच्या मालिकेतले पाच त्याच्या खोलीत भिंतीवरच्या फळीवर उभे आहेत. सहावा त्याला मिळाला नव्हता. सहावा म्हणजे पाणबुड्या. राखाडी पोशाख, नारिंगी हेल्मेट. कंपनी एका खोक्यात बाकीचे दोन-दोन, तीन-तीन भरते आणि हा एकच टाकते. ऑनलाइन तो कधीही मिळतो. पण यशदीप आणि त्याचे मित्र ऑनलाइन घेतलेला धरत नाहीत. दुकानात जायचं, हुडकायचं, फळीवरून स्वतःच्या हाताने उचलायचं, तोच आपला.

हे रामटेक्यांना चारुदत्तने सांगितलं. चारुदत्त चौबे कॉलनीत राहतो, नव्या रायपुरात एका कार्यालयात कंत्राटावर आहे आणि यशदीपबरोबर दुकानं फिरायचा. मार्चमध्ये रामटेके त्याला भेटायला गेले, तेव्हा तो स्कूटर पुसत होता.

"काका, तुम्ही फिगर घेणार?"

"घेत नाई. पाहून राहिलो."

"यशचा काही फोन?"

"तुले आला?"

"नाही ना. ग्रुपमधून पण लेफ्ट झाला तो." चारुदत्तने फडकं पिळलं. "गुरुवारी सकाळी जात जा. नवीन माल बुधवारी रात्री लावतात. आणि समोरच्या फळ्या पाहू नका, समोर काही उरत नाही. मागे पाहा, दुसऱ्याच मालाच्या मागे. खिशात पैसे नसले, की लोक फिगर तिथं दडवून जातात. पगार झाला की येऊन काढतात."

"दुकानवाल्याले चालते?"

"दुकानवाल्याचं काय जातं? आमच्यातच वाईट समजतात. पाप आहे म्हणतात."

"मंग करता काहून?"

"सगळेच करतात काका."

"यश कुठं दडवे?"

चारुदत्त हसला. "हे कोणी कोणाला विचारत नाही. पण तुम्ही बाप आहात, जाऊ द्या. शेवटची रांग, खालची फळी, नकाशांच्या मागे. नकाशे कोणी घेत नाही."

जूनमधल्या एका गुरुवारी पाणबुड्या समोरच्याच फळीवर निघाला. रामटेक्यांनी तो उचलला, बिलाच्या रांगेत उभे राहिले, आणि आपला नंबर आला तेव्हा रांगेतून बाहेर पडले. घरी नेला असता तर तो घरीच राहिला असता. समोर ठेवला असता तर दुसऱ्या कोणी नेला असता. त्यांनी तो नकाशांच्या मागे ठेवला. यशदीप रायपुरात असेल, किंवा रायपुरावरून जाणार असेल, तर तो या दुकानात येईल, आणि आला तर तिथे हात घालेल, असा त्यांचा हिशेब होता. दर गुरुवारी ते येत, डबे ओढत, पाणबुड्या आहे हे पाहत आणि परत जात. बायकोला त्यांनी सांगितलं नाही. तिला आशा लागू नये, हे कारण त्यांनी नंतर दिलं.

जुलैच्या त्या गुरुवारी तो तिथे नव्हता.

रामटेके घरी आले. यशदीपच्या खोलीतला पंखा महिनाभरापासून आवाज करत होता. त्यांनी तो उतरवला, तेल घातलं आणि पुन्हा लावला. रविवारी मटण आणलं, दोघांना लागतं त्यापेक्षा जास्त. संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसू लागले. रस्त्याने मोटरसायकल गेली की मान वर करत.

"कोणी येणार हाय का?" त्यांच्या बायकोने, पूर्णिमाबाईंनी विचारलं.

"कोण येईन?"

त्या आत गेल्या. पुढच्या आठवड्यात रामटेके बाजारातून नवी उशी घेऊन आले. पूर्णिमाबाईंनी ती हातात घेतली, दाबून पाहिली.

"हे कोणासाठी?"

रामटेके पाणी प्यायले. मग म्हणाले, "यश रायपुरात हाय."

"कोणं सांगतलं?"

त्यांनी सगळं सांगितलं. गुरुवार, नकाशे, पाणबुड्या, रिकामी जागा. सांगताना कारखान्यात साहेबाला रिपोर्ट द्यावा तसं क्रमाने सांगितलं. पूर्णिमाबाई उशी मांडीवर घेऊन ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर उठल्या, लोखंडी कपाट उघडलं आणि हिवाळ्याच्या ब्लँकेटांखालून दुकानाची पिशवी काढली. पिशवीत डबा होता. खिडकीतून नारिंगी हेल्मेट दिसत होतं.

"तू आणला," रामटेके म्हणाले.

"हव."

"तुले जागा कशी माहीत?"

"कॉलेजात होता तवा मलेच घेऊन जाये. मी बाकड्यावर बसो, तो दडवे. आई, कोणाले सांगू नको म्हणे." त्या कपाटाला टेकून उभ्या राहिल्या. "सरिताच्या दुकानात सहज गेल्ती. म्हटलं पाहून तर घ्यावं. हा दिसला. मले वाटलं, त्यानंच जायच्या आधी ठेवला असन. दुसरं कोणी नेईन म्हणून घेतला."

सरिता त्या दुकानात बिलाच्या काउंटरवर असते.

"मले सांगायचं होतं."

"तुमाले काय सांगू? तुमी बाहुल्या म्हणता त्याले."

रामटेक्यांनी डबा हातात घेतला. मागची बाजू वाचली. त्यावर सहाही पुतळ्यांची चित्रं होती. पूर्णिमाबाईंनी चहा ठेवला. दोघांनी चहा घेतला. दोघांनाही त्या पाणबुड्यात मुलगा दिसला होता, आणि तो ठेवणारा बाप होता, उचलणारी आई. यशदीप मधे कुठेच नव्हता.

"वापस ठेवू," चहाचा कप खाली ठेवत पूर्णिमाबाई म्हणाल्या.

"बिल झालं त्याचं."

"मंग काय झालं? ठेवाले कोण नाई म्हणते?"

पुढच्या गुरुवारी दोघं गेले. दारावरचा पहारेकरी बाहेरून आणलेल्या पिशव्या ठेवून घेतो. पूर्णिमाबाईंनी डबा पदराखाली धरला आणि पोटावर हात ठेवून हळूहळू चालत आत शिरल्या. पहारेकऱ्याने वाट दिली.

"अम्मा, तबियत ठीक है?"

"हव बेटा. गॅस हाय."

शेवटच्या रांगेत रामटेके आडोसा करून उभे राहिले. पूर्णिमाबाईंनी नकाशे सारले, डबा मागे ठेवला, नकाशे लावले.

"लोक चोरून नेतात," त्या उठताना म्हणाल्या. "आपण चोरून ठेवून राहिलो."

रामटेक्यांनी त्यांना उठायला हात दिला. त्यानंतरच्या गुरुवारी डबा जागेवर होता. त्याच्या पुढच्याही.

ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी तो नव्हता.

या वेळी रामटेक्यांनी आधी घरी फोन केला. "तू नाई ना आणला?"

"नाई," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "थांबा तिथंच. मी येतो."

त्या रिक्षाने आल्या. दोघं काउंटरवर गेले. तिथे सरिता नव्हती, पायल बसली होती. रामटेक्यांनी डब्याचं नाव सांगितलं आणि तो विकला गेला का, एवढंच विचारलं. पायलने कॉम्प्युटरवर नाव टाकलं, पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा टाकलं.

"ये देखिए, माइनस एक बता रहा है."

"मतलब?"

"मतलब एक ही पीस आया था. जुलाई में बिक गया, ये आंटी ले गई थीं. फिर शनिवार शाम को वही पीस फिर से बिका है." ती दोघांकडे पाहत राहिली. "जो है ही नहीं, वो कैसे बिका? मैनेजर मेरे पीछे पड़ेंगे."

पूर्णिमाबाईंनी तिला खरं सांगितलं. पायल ऐकत होती, मधे एका बाईला फुग्यांचं पाकीट देऊन आली.

"मैंने देखा था आप लोगों को," ती म्हणाली. "कैमरे में सब दिखता है. मुझे लगा कोई जादू-टोटका कर रहे हैं."

"टोटका नाई बेटा. हम तो मानते ही नहीं वो सब," रामटेके म्हणाले. "कौन ले गया?"

बिलावर फोन नंबर नव्हता. पैसे रोख दिले होते. शनिवारी बिल सरिताने केलं होतं आणि रविवारी ती तीजाच्या सणासाठी माहेरी गेली होती, कसडोलच्या पुढे कुठल्याशा गावात. पायलने तिला फोन लावला. लागला नाही. कॅमेऱ्याचं चित्रीकरण पाहायचं असेल तर मॅनेजरला अर्ज द्यावा लागतो आणि मॅनेजर पोलिसांचं पत्र मागतात, असं तिने सांगितलं. रामटेक्यांना हवालदार आठवला. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

दोघं दुकानासमोरच्या बाकड्यावर बसले. पूर्णिमाबाईंनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला, दोघांनी पोळ्या खाल्ल्या. समोर एक बाप मुलाला लाल मोटार नको, निळी घे म्हणून समजावत होता.

अडीचच्या सुमारास पायलने त्यांना आत बोलावलं. फोन लागला होता. तिने तो स्पीकरवर काउंटरवर ठेवला. पलीकडून बायकांच्या बोलण्याचा गलका येत होता.

"हव, याद हे," सरिता म्हणाली. "नारंगी टोपी वाला. एक लड़का ले गया. दुबला सा. दाढ़ी थी."

यशदीप दाढी ठेवत नव्हता.

"मराठी में बोला?" पूर्णिमाबाईंनी विचारलं.

"हिंदी में बोला आंटी. सब हिंदी में ही बोलते हैं."

"क्या बोला?"

"डब्बा हाथ में लेके खड़ा रहा. फिर पूछा, ये पीछे किसने रखा था. मैंने बता दिया, एक अंकल आते हैं हर गुरुवार, वही रखते हैं, वही आके देखते हैं."

रामटेक्यांनी फोन जवळ ओढला.

"मैंने कुछ गलत कर दिया क्या?" सरिताने विचारलं.

"नहीं," रामटेके म्हणाले. "फिर?"

"फिर पूछा, अकेले आते हैं? मैंने कहा एक बार आंटी को भी लाए थे. फिर पैसे दिए और चला गया. थैली भी नहीं ली."

"किधर गया?"

"वो नहीं देखा. लाइन लगी थी."

फोन तुटला. पूर्णिमाबाईंनी आपल्या फोनमधला यशदीपचा फोटो पायलला दिला. गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात काढलेला, पांढरा सदरा, चेहरा स्वच्छ. पायलने तो सरिताला पाठवला. गावात रेंज कधी येते कधी नाही, ती म्हणाली, उत्तर आलं की कळवते. सहा वाजेपर्यंत दोघं बाकड्यावर बसून होते. मग घरी गेले.

सरिताचं उत्तर शुक्रवारी दुपारी आलं. पायलने ते जसंच्या तसं पूर्णिमाबाईंच्या फोनवर टाकलं: हो सकता है. दाढ़ी में पक्का नहीं बोल सकती.