मुदत सात दिवस

"यंदा काही घडलं का हो मावशी तुमच्या हातून?" कर्मचारी विभागाच्या श्रद्धा मॅडमनी पेन उघडत विचारलं.

"काही नाही मॅडम. घडू नये याचाच तर पगार घेते."

मॅडम हसल्या, पण वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्ममधला 'उल्लेखनीय प्रसंग' हा रकाना कोराच राहिला. स्वारगेटजवळच्या त्या रुग्णालयाच्या तळघरात अख्तरबानू चोवीस वर्षं ऑपरेशनची हत्यारं धूत होती, कापडात बांधत होती, वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करत होती. प्रसंग घडतात ते वर. रिसेप्शनवरच्या अभिनवनं चिडलेल्या नातेवाइकांची मारामारी सोडवली होती, त्यामुळे गुणी कर्मचाऱ्याचा मान त्याला जाहीर झाला. अख्तरबानूला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. महिनाअखेर ती निवृत्त होणार होती, म्हणजे पुढच्या वर्षी बघू म्हणायचीही सोय नव्हती. एकदा कुणी माइकवरून आपलं नाव घ्यावं, एवढीच तिची हौस होती.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवाला सूरज आला नाही, म्हणून बांधलेल्या हत्यारांचे पॅक ट्रॉलीवर घेऊन ती स्वतःच ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत गेली. आतल्या कपाटाकडे नजर गेली आणि ती दारातच थांबली. कापडाचा कोपरा दोनदा दुमडून बाहेर ठेवायची सवय फक्त तिची. तो ओढला की आत हात न लागता पॅक उघडतो. तसे दुमडलेल्या कोपऱ्याचे सगळे पॅक वरच्या फळीवर वेगळे काढले होते. बाकीच्यांचे खाली, हाताशी. म्हणजे आपलं काम नापास?

मनात कुढण्यापेक्षा तोंडावर विचारावं, हा तिचा खाक्या. माझ्या पॅकमध्ये काय खोट निघाली, असं तिनं थिएटरच्या मुक्ताई सिस्टरना सरळ विचारलं.

"खोट कसली? ते तान्ह्या बाळांसाठी राखलेत," सिस्टर म्हणाल्या. "आमच्याकडे नव्या मुलीला पहिलं हेच सांगतात. दुमडलेल्या कोपऱ्याला मोठ्यांच्या केससाठी हात लावायचा नाही."

अख्तरबानू ट्रॉलीकडे वळली. ट्रॉलीची दांडी तिनं उगाचच पुसली. जाण्याआधी थोडे जास्तीचे बांधून ठेवा, असं सिस्टरनी सुचवलं तेव्हा तिनं मान हलवली.

"कापडी पॅक सातच दिवस निर्जंतुक राहतो, सिस्टर. त्यापेक्षा दोन मुली खाली पाठवा. शिकवते."

मुली आल्या. पहिले चार दिवस तिनं त्यांचा प्रत्येक पॅक सोडून पुन्हा बांधायला लावला. त्या मनातल्या मनात तिला शिव्या घालत असणार, हे तिला माहीत होतं. पाचव्या दिवशी एकीचा कोपरा जमला. तिनं तो ओढून पाहिला आणि दुसरं कापड पुढे सरकवलं.

तिच्या शेवटच्या दिवशी वरच्या सभागृहात अभिनवला सन्मानचिन्ह दिलं. तिनं मनापासून टाळ्या वाजवल्या आणि भाषणं संपायच्या आत ती खाली उतरली, कारण बाळांचे चार पॅक बाकी होते. ते बांधून तिनं चिकटपट्टीवर नेहमीसारखं लिहिलं. बांधल्याची तारीख एकतीस, वापरायची मुदत सात.

सात तारखेपर्यंत तिचं काम इथे असणार होतं. चारही पॅक तिनं यंत्रात ठेवले आणि दार घट्ट लावलं.