यामनची नजर माझी होती

मी एक जुना पंखा आहे. टेबलावर ठेवायचा, लोखंडी, कधीकाळी हिरवा असलेला. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. हनादी नावाच्या एका बाईने माझं माणूस माझ्यापासून तोडलं, त्याची ही हकीकत आहे, आणि ती सांगताना माझी मोटर अजूनही तापते.

जन्म सगळ्या पंख्यांसारखाच. पत्र्यातून पाती कापली, घासली, रंगवली, खोक्यात कोंबली. खोकं जहाजातून लेबनॉनमधल्या अल-मीना बंदरात उतरलं. तिथे मासळीच्या लिलावात घसा फोडणाऱ्या अबू मुन्झिरने मला विकत घेतलं आणि आपल्या फळीवर ताज्या मासळीशेजारी उभं केलं. "याच्यासमोर माशी टिकत नाही," असं तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा. कौतुक झालं ते एवढंच. तो वारल्यावर त्याच्या बायकोने, नझीराने, मला लिंबाने घासून वास घालवला आणि घरी नेलं. पुढे घरात एसी आला आणि मी पलंगाखाली गेलो. मग वीज रुसली. गल्लीतल्या जनरेटरच्या बारीक वायरीवर एसी चालेना, तेव्हा मला पुन्हा ओढून बाहेर काढलं. गरज पडली की आठवण, एरवी धूळ.

पण खरं दुःख वेगळंच होतं. लोक पंख्याचा वारा घेतात, पंख्याकडे पाहत नाहीत. इतकी वर्षं फिरलो, एकाही माणसाने माझ्याकडे डोळे भरून पाहिलं नाही.

यामनने पाहिलं.

यामन म्हणजे नझीराचा नातू. त्याचा बाप मालवाहू जहाजावर, कायम समुद्रात. आई लमीस घरात, आजी नझीरा घरात. पोरगं चालायला लागलं तसं थेट माझ्यासमोर येऊन बसलं. मी फिरायला लागलो की ते हात फडफडवायचं, पावलांच्या बोटांवर उभं राहायचं, मान वाकडी करून पात्यांकडे एकटक बघायचं. त्याचं बोट आत जाऊ नये म्हणून नझीराने माझ्या जाळीवर मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा शिवून टाकला. त्या तुकड्याआडूनही तो मलाच बघायचा. लमीस मागून हाक मारायची, "यामन. यामन, इकडे बघ ना." तो वळायचा नाही. मला किती बरं वाटायचं, सांगू? सख्खी आई मागे उभी, आणि पोराला मी हवा.

दोन वर्षांचा झाला तरी तो बोट दाखवत नव्हता, 'मामा' म्हणून आईला हाक मारत नव्हता. काही हवं असलं की मोठ्या माणसाचं मनगट धरून ते चमच्यासारखं वापरायचा, तोंडाकडे बघायचा नाही. शेजारची उम्म फव्वाझ कॉफी प्यायला यायची आणि निदान करून जायची.

"दृष्ट लागली आहे त्याला. इतकं गोरं पोर तू गच्चीवर कशाला नेलंस?"

"आणि मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही उशिराच बोलला," नझीरा म्हणायची.

"आता तरी कुठे बोलतो तो? फोनवर हो-नाही करतो," लमीस म्हणाली.

उम्म फव्वाझने निळा मणी आणला आणि तो माझ्या मानेला बांधला. दृष्ट पोराची, मणी पंख्याला. एक डॉक्टर म्हणाला, थांबा, तीन वर्षांचा होऊ दे, मग बघू. थांबा म्हणायला त्याचं काय जात होतं? त्याच्या हाकेला त्याची पोरं वळत होती.

लमीस थांबली नाही. ती कुठून कुठून विचारत फिरली आणि एका दुपारी अशा मुलांना शिकवणाऱ्या हनादीला घेऊन आली.

मला वाटलं होतं, बाई पिशवीभर खेळणी आणेल, मला उचलून माळ्यावर टाकेल. तसं केलं असतं तर मी तिला क्षमा केली असती. ती आली, चपला काढल्या आणि यामनच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून माझ्याकडे बघत बसली. तो हात फडफडवी, तीही फडफडवी. तो 'ऊऊ' करी, तीही 'ऊऊ' करी. नझीरा दारातून म्हणाली, "हिला शिकवायला आणलंय की हिलाच शिकवायचंय?"

मग हनादीने हात पुढे केला आणि माझं बटण बंद केलं.

माझी पाती मंदावली, थांबली. यामन ओरडला. हनादी माझ्या बाजूला सरकली, तिने आपला चेहरा अगदी माझ्या जाळीजवळ आणला, भुवया उंचावल्या आणि गप्प राहिली. त्या बाईची सगळी चलाखी त्या गप्प राहण्यात होती. पोराचे डोळे माझ्यावरून निसटले, क्षणभर तिच्या चेहऱ्यावर गेले.

"चालू," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

मित्रांनो, मी फिरलो, पण कोणाच्या हुकुमाने फिरलो ते मला कळलं होतं. माझ्याच पात्यांचं आमिष करून ती माझा माणूस पळवत होती.

पुन्हा बंद. पुन्हा पोर रडायला लागलं. आणि तेव्हा माझी पाठीराखी धावून आली. नझीराने तरातरा येऊन बटण दाबलं.

"माझ्या घरात पोराला काही मागायला लागत नाही, मिस हनादी," ती म्हणाली. "पाहुणा बसायच्या आत त्याच्यासमोर कॉफी येते. दारात भिकारी आला तर हात पसरायच्या आधी त्याच्या हातात भाकरी असते. आणि माझा नातू वाऱ्यासाठी रडेल?"

हे खरं होतं. त्या घराची इज्जतच ती होती, विचारावं न लागणं. यामनला तहान लागायच्या आत पेला ओठाशी, भूक लागायच्या आत घास तोंडात.

"हज्जे, तुमचा हात फार सढळ आहे," हज केलेल्या बाईला मान देतात तसं हनादी म्हणाली. "पण सगळं आधीच मिळालं तर तो तुमच्याकडे बघेल कशाला?"

"म्हणजे माझ्या लाडाने पोरगं मुकं झालं?"

"नाही, हज्जे. लाडाने हे होत नाही, कुणाच्याच चुकीने होत नाही. तो असाच जन्मला आहे. इतर मुलं माणसांकडे आपोआप वळतात, त्याला तशी वाट करून द्यावी लागते. मी त्याचा पंखा हिसकावत नाही. पंख्याच्या वाटेत एक माणूस बसवते, एवढंच. आणि रडून दमेपर्यंत थांबायचं नाही. एका श्वासापुरतं थांबायचं."

"उद्या येऊ नका," नझीरा म्हणाली.

मी जिंकलो होतो. हनादी चपला घालून गेली.

संध्याकाळी लमीस सासूसमोर उभी राहिली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "सासूबाई, मी दोन वर्षं त्याच्या पाठीकडे बघून बोलतेय. आज त्या बाईकडे त्याने बघितलं. परक्या बाईकडे. मला एकदा बघू द्या की माझ्याकडे बघतो का. लहान आहे तोवरच हे सोपं आहे. तुम्ही बटण दाबत राहिलात, तर मी त्याला घेऊन माहेरी जाईन."

स्वयंपाकघरात जाऊन नझीराने मसूर निवडले, निवडलेले पुन्हा निवडले.

हनादी परत आली. तिने लमीसला शिकवलं आणि लमीस शिकली: साबणाचे फुगे एकदा फुंकून थांबायचं, पलंगपोसाखाली लपून थांबायचं, खांद्यावर घेऊन गिरकी घालायची आणि थांबायचं. जेवताना एकच ऑलिव्ह द्यायचं आणि थांबायचं. मी कोपऱ्यातून बघायचो आणि जळायचो. फुग्यांवर जळलो. पलंगपोसावर जळलो. ऑलिव्हच्या बीवरसुद्धा जळलो, कारण तो ते बी आईच्या तळहातावर ठेवून तिच्या तोंडाकडे बघायचा. मला आशा होती ती फक्त नझीराची. ती खेळात येत नव्हती. बंद बटण बघितलं की तिचा हात शिवशिवायचा, आणि ती तो पाठीमागे धरून खोलीबाहेर जायची.

मग एका उन्हाच्या दुपारी लमीस औषधं आणायला गेली. घरात आजी आणि नातू, आणि मी बंद. यामन आला, त्याने आजीचं मनगट धरलं आणि माझ्याकडे ओढलं. तिचं बोट बटणावर टेकलं. दाब, म्हातारे, मी मनात म्हणालो. तू माझी आहेस.

तिने दाबलं नाही. ती गुडघे कुरकुरत जमिनीवर बसली. कोणाला वाट बघायला लावणं तिने आयुष्यात केलं नव्हतं. ते तिला चोरी केल्यासारखं वाटत असावं. यामनने पुन्हा ओढलं, कण्हल्यासारखा आवाज काढला. आणि मग, हे काय अडलंय म्हणून, त्याने वर बघितलं. आजीकडे.

"चालू," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

मी हललो नाही. वीज गेली होती.

आता हा आकाशपाताळ एक करणार, हे मला माहीत होतं. वीज गेली की यामन जमिनीवर डोकं आपटायचा. त्याचा चेहरा चुरगळलाही. नझीराने घाबरून माझ्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, द्यायला हातात काहीच नव्हतं. मग तिने गाल फुगवले आणि त्याच्या कपाळावर जोरात फुंकर मारली. फूऽऽ.

त्याचे केस उडाले. तो थबकला. तिच्या तोंडाकडे बघायला लागला.

तिने पुन्हा गाल फुगवले आणि, शप्पथ, ती थांबली. कोणी सांगितलं नव्हतं. गाल फुगलेले, डोळे मोठे, म्हातारी श्वास धरून बसली. यामनने तोंड पुढे केलं. ओठ जुळवले. "फ," तो म्हणाला.

फूऽऽ. तो खदखदून हसला. "फ." पुन्हा फुंकर. नझीरा हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिला सवड नव्हती.

एवढ्यात वीज आली. माझं बटण दाबलेलंच होतं. मी सगळा जीव एकवटून फिरलो, जाळी थडथडली, मणी माझ्या मानेवर आपटला, खिडकीचा पडदा छतापर्यंत उडाला.

त्याने वळून पाहिलं नाही.

मित्रांनो, यामन बरा झाला असं समजू नका, त्याला आजार नव्हताच. तो अजूनही हात फडफडवतो, शब्द त्याला अजून मोजकेच येतात. कधी कधी माझ्यासमोरही येऊन बसतो, पण आता कुणालातरी ओढून सोबत बसवतो. आणि मी अजूनही जळतो. तरी माझा तोटा असूनही तुम्हाला बजावतो: तुमच्या घरात, शेजारी, एखादं लेकरू हाकेला वळत नसेल, बोट दाखवत नसेल, तर 'थांबा, बोलेल' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. त्याला लवकर जाणकाराकडे न्या. त्याचं आवडतं हिसकावू नका. त्याच्या शेजारी जमिनीवर बसा आणि त्यात स्वतःही शिरा. आम्हा वस्तूंना त्याचा फार राग येईल. येऊ द्या. आम्ही त्या लेकरांना नुसता वारा देतो, आणि ती पुरं आयुष्य आमच्याकडे बघत बसली तरी आम्ही उलटून त्यांच्याकडे बघू शकत नाही.